बेंजामिन फ्रँकलिन : अमेरिकेतील घरविम्याचा पाया घालणारा मुद्रक

अमेरिकेच्या फिलाडेल्फिया शहरात मार्केट स्ट्रीटच्या आतल्या बाजूस एका मोकळ्या चौकात घराच्या आकाराचा पोलादी सांगाडा उभा आहे. त्याला भिंती नाहीत, दारे नाहीत, छप्परही नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्याचे एक शिल्पकार बेंजामिन फ्रँकलिन यांचे घर याच जागेवर होते. १८१२ साली ते पाडण्यात आले. घराचे बाह्यरूप दाखवणारे चित्र मागे राहिलेले नसल्याने १९७६ साली स्मारक उभारताना घराची प्रतिकृती न करता केवळ त्याची रेषाकृती उभी करण्यात आली. तरीही ते घर किती मोठे होते आणि आतली रचना साधारण कशी होती, याची माहिती आज उपलब्ध आहे. त्यातील महत्त्वाचा भाग १७६६ सालच्या एका कागदावरून मिळतो. तो कागद म्हणजे घराचा विमा उतरवताना विमा संस्थेच्या सर्वेक्षकाने केलेली नोंद. ही विमा संस्था स्थापन करणाऱ्यांमध्ये खुद्द फ्रँकलिन अग्रभागी होते.

फ्रँकलिन यांची ओळख वैज्ञानिक, मुत्सद्दी, लेखक आणि संशोधक अशी अनेक अंगांनी करून दिली जाते. मात्र सामान्य कुटुंबाच्या डोक्यावरील छप्पर सुरक्षित राहावे, यासाठी त्यांनी जवळजवळ अर्धशतक केलेल्या कामाची चर्चा तुलनेने कमी होते. आपल्या घराच्या विम्यात नेमके काय समाविष्ट आहे आणि काय नाही, हा प्रश्न आजही असंख्य विमाधारकांना पडतो. त्या प्रश्नाची मुळे फ्रँकलिन यांच्या आयुष्यात स्पष्टपणे दिसतात.

फ्रँकलिन यांचा जन्म १७ जानेवारी १७०६ रोजी बोस्टन येथे झाला. वडील जोसाया हे मेणबत्त्या व साबण तयार करण्याचा व्यवसाय करीत. त्यांच्या दोन विवाहांतून झालेल्या सतरा अपत्यांपैकी बेंजामिन हे पंधरावे अपत्य आणि सर्वांत धाकटा मुलगा. घरच्या परिस्थितीमुळे त्यांचे शालेय शिक्षण सुमारे दोन वर्षांतच संपले. बाराव्या वर्षी थोरले बंधू जेम्स यांच्या छापखान्यात ते उमेदवार म्हणून रुजू झाले. जेम्स यांनी १७२१ साली वृत्तपत्र सुरू केले. आपले लिखाण भाऊ छापणार नाही, याची खात्री असल्याने बेंजामिन यांनी १७२२ साली एका काल्पनिक विधवेच्या नावाने पत्रे लिहून ती रात्री छापखान्याच्या दाराखालून आत सरकवली. सोळा वर्षांच्या मुलाने लिहिलेल्या या पत्रांपैकी एका पत्राचा विषय विमा हाच होता. पतीच्या निधनानंतर निराधार होणाऱ्या स्त्रियांसाठी अनेक कुटुंबांनी थोडी थोडी रक्कम एकत्र जमा करावी, अशी ती सूचना होती. मूळ कल्पना इंग्रज लेखक डॅनियल डीफो यांची होती. पण पोरसवदा वयात ती उचलून बोस्टनच्या वाचकांपुढे मांडावीशी वाटणे, हे पुढील आयुष्याची दिशा सांगणारे होते.

भावाशी पटेनासे झाल्यावर १७२३ साली फ्रँकलिन बोस्टन सोडून पळाले आणि फिलाडेल्फियात आले. वय सतरा, खिशात जेमतेम नाणी आणि हातात मुद्रणाचे कसब, एवढेच भांडवल होते. मध्यंतरी दीड-दोन वर्षे लंडनमधील छापखान्यांत काम करून ते १७२६ साली परतले. दोन वर्षांनी त्यांनी भागीदारीत स्वतःचा छापखाना काढला. १७२९ साली पेनसिल्व्हेनिया गॅझेट हे वृत्तपत्र त्यांच्या हाती आले. १७३० साली डेबोरा रीड यांच्यासमवेत त्यांनी संसार थाटला. व्यवसायात जम बसत असतानाच कारागीर व व्यापारी मित्रांना एकत्र करून त्यांनी १७२७ साली एक चर्चामंडळ स्थापन केले होते. शहराच्या अडचणींवर या मंडळात विचारविनिमय होई. त्यातूनच १७३१ साली वर्गणीवर चालणारे ग्रंथालय उभे राहिले. एकट्याला न परवडणारी गोष्ट अनेकांनी मिळून घेणे, हे सूत्र त्यांनी प्रथम पुस्तकांना लागू केले आणि नंतर घरांना.

आगीचे भय त्या काळातील प्रत्येक शहराला होते. चुली, शेगड्या, मेणबत्त्या आणि लाकडी छपरे यांमुळे एका घरातील ठिणगी साऱ्या आळीचा घास घेई. लंडनमध्ये १६६६ साली लागलेल्या महाभयंकर आगीत सुमारे १३ हजार घरे भस्मसात झाली होती. त्यानंतर निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने १६८० च्या सुमारास लंडनमध्ये घरांचा अग्निविमा सुरू केला. विटांच्या घरासाठी वार्षिक भाड्याच्या अडीच टक्के आणि लाकडी घरासाठी पाच टक्के, असा त्याचा दर होता. ज्या घराला धोका अधिक त्याचा हप्ता अधिक, हे तत्त्व तेव्हापासून चालत आले आहे.

फिलाडेल्फियातही १७३० साली बंदरावरील धक्क्याजवळ मोठी आग लागली. गोदामे आणि काही घरे जळाली. आग विझवण्याची साधने अपुरी असल्याचे तेव्हा उघड झाले. पुढे फ्रँकलिन यांनी आपल्या वृत्तपत्रातून या प्रश्नाचा पाठपुरावा केला. फेब्रुवारी १७३५ मध्ये एका वृद्ध नागरिकाच्या भूमिकेतून त्यांनी पत्र प्रसिद्ध केले. पेटते निखारे उघड्या फावड्यावरून एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेऊ नयेत, धुराडी वेळच्या वेळी साफ करावीत, धुराडी साफ करणाऱ्यांना परवाने देऊन त्यांच्यावर जबाबदारी टाकावी, अशा व्यवहार्य सूचना त्यात होत्या. आग विझवण्यापेक्षा ती लागू न देणे स्वस्त पडते, हा त्या पत्राचा गाभा होता.

१७३६ हे वर्ष फ्रँकलिन यांच्यासाठी दुःखाचे ठरले. त्यांचा चार वर्षांचा मुलगा फ्रान्सिस २१ नोव्हेंबर रोजी देवीच्या रोगाने दगावला. देवीची लस त्या काळी अस्तित्वात नव्हती. मात्र रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी व्यक्तीच्या शरीरात टोचण्याची पद्धत अमेरिकेत १७२१ पासून माहीत झाली होती. तिचा पुरस्कार करणाऱ्या फ्रँकलिन यांनी स्वतःच्या मुलाला मात्र टोचून घेतले नव्हते. टोचल्यामुळेच मुलगा गेला, अशी अफवा शहरात पसरली, तेव्हा त्यांना वृत्तपत्रातून तिचे खंडन करावे लागले. मुलगा आजारातून उठल्यावर टोचण्याचा विचार होता, पण त्याआधीच रोगाने गाठले. या चुकीची खंत त्यांनी अखेरपर्यंत बाळगली आणि इतर आईवडिलांनी धडा घ्यावा म्हणून आत्मचरित्रातही ती नोंदवली. संकट येण्यापूर्वी घ्यायची काळजी संकट आल्यावर घेता येत नाही, हे त्यांना स्वतःच्या घरातच कळून चुकले होते.

या घटनेनंतर तीन आठवड्यांच्या आत, ७ डिसेंबर १७३६ रोजी, युनियन फायर कंपनी हे स्वयंसेवी अग्निशामक दल स्थापन झाले. प्रत्येक सदस्याने कातडी बादल्या आणि सामान बाहेर काढण्यासाठी भक्कम पिशव्या घरात तयार ठेवायच्या, दरमहा एकत्र जमायचे आणि कोणा सदस्याकडे आग लागली तर धावून जायचे, असे नियम होते. बैठकीला गैरहजर राहणाऱ्यास दंड होई आणि दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या व आकडे विकत घेतले जात. सदस्य होऊ इच्छिणाऱ्यांची संख्या वाढली, तेव्हा दुसरे दल काढण्याचा सल्ला देण्यात आला. अशा रीतीने शहरभर दले निर्माण झाली. त्यानंतरच्या काळात एका आगीत एक-दोनपेक्षा अधिक घरे गेल्याचे उदाहरण शहरात घडले नाही, असे समाधान फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात व्यक्त केले आहे.

परंतु बादल्या आणि बंब यांनी शेजाऱ्याचे घर वाचत असे. ज्याचे जळाले त्याचे काय, हा प्रश्न उरतच होता. युनियन फायर कंपनीच्या सदस्यांनी १७५० च्या सुमारास सामायिक निधीचा विचार सुरू केला. त्यांच्यापुढे एक वाईट उदाहरणही होते. दक्षिण कॅरोलिनातील चार्ल्सटन येथे १७३६ च्या सुमारास अमेरिकेतील पहिली अग्निविमा संस्था निघाली होती. १८ नोव्हेंबर १७४० रोजी त्या शहरात भीषण आग लागली, शेकडो इमारती जळाल्या आणि एकाच वेळी आलेले दावे पेलण्याची ऐपत नसल्याने ती संस्था बुडाली. विमापत्र हाती असणे आणि विम्याचे पैसे मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे चार्ल्सटनच्या नागरिकांनी तेव्हा अनुभवले.

फिलाडेल्फियातील मंडळींनी म्हणून सावधपणे पाऊल टाकले. लंडनमध्ये १६९६ पासून चालत असलेल्या एका परस्पर साहाय्य संस्थेचा नमुना त्यांनी समोर ठेवला. १७५२ च्या मार्च महिन्यात करारनाम्यावर स्वाक्षऱ्या सुरू झाल्या. पहिली स्वाक्षरी पेनसिल्व्हेनियाचे तत्कालीन लेफ्टनंट गव्हर्नर जेम्स हॅमिल्टन यांची होती. दुसरी फ्रँकलिन यांची. १३ एप्रिल १७५२ रोजी बारा संचालक आणि एक खजिनदार यांची निवड झाली. फिलाडेल्फिया कॉन्ट्रिब्युशनशिप या नावाने ओळखली जाणारी ही संस्था आजही कार्यरत असून, अमेरिकेतील सर्वांत जुनी मालमत्ता विमा संस्था म्हणून तिची गणना होते. एकमेकांची मनगटे धरलेले चार हात हे तिचे चिन्ह ठरले. शिशाचे हे चिन्ह लाकडी फळीवर बसवून विमा उतरवलेल्या घराच्या दर्शनी भिंतीवर लावले जाई.

या संस्थेचे कामकाज समजून घेण्याजोगे आहे. विमाधारक हेच संस्थेचे मालक होते. घराचा विमा सात वर्षांसाठी उतरवला जाई. त्यासाठी विमाधारक अनामत रक्कम भरत असे. ही रक्कम व्याजाने गुंतवली जाई आणि नुकसानभरपाई सामायिक निधीतून दिली जाई. मुदत संपल्यावर विमाधारकाच्या वाट्याला आलेले नुकसान व खर्च वजा जाता उरलेली अनामत परत मिळे. पहिल्या वर्षात १४३ विमापत्रे देण्यात आली आणि त्यांपैकी एकाही घराला त्या वर्षी आग लागली नाही.

विमा मिळण्यापूर्वी सर्वेक्षक घर पाहण्यास येई. भिंती विटांच्या आहेत की लाकडाच्या, त्यांची जाडी किती, शेजारच्या घराला लागून असलेली भिंत छपरापर्यंत पोहोचते की नाही, छपरावर जाण्यास वाट आहे का, घरात ज्वालाग्राही मालाचा धंदा चालतो का, याची तो नोंद करी. या नोंदीवरून दर ठरे. धोका फारच मोठा वाटल्यास विमा नाकारलाही जाई. घरमालकाला त्यामुळे आपोआप एक सवय लागली. घर चांगले बांधले तर हप्ता कमी पडतो, हे कळल्याने लोक भिंती जाड करू लागले. नुकसान भरून देणे एवढाच विम्याचा उपयोग नसून नुकसान टाळण्यास प्रवृत्त करणे हाही आहे, हे फ्रँकलिन यांच्या १७३५ सालच्या पत्रातील सूत्र अशा प्रकारे व्यवहारात उतरले.

१७५२ हेच वर्ष फ्रँकलिन यांच्या विजेच्या प्रयोगाचेही आहे. जून महिन्यात वादळी ढगांत पतंग उडवून आकाशातील वीज आणि प्रयोगशाळेतील वीज एकच असल्याचे त्यांनी दाखवून दिले, असे मानले जाते. या संशोधनातून पुढे आलेली तडितरक्षक सळई इमारतीवर बसवावी, तिचे टोक छपराच्या वर ठेवावे आणि दुसरे टोक जमिनीत पुरावे, अशी साधी रचना त्यांनी सुचवली. या शोधाचे स्वामित्व त्यांनी घेतले नाही. घर उबदार ठेवणाऱ्या आपल्या सुधारित शेगडीचेही घेतले नव्हते. त्याआधीच्या वर्षी, म्हणजे १७५१ साली, डॉ. थॉमस बाँड यांच्या साहाय्याने पेनसिल्व्हेनिया रुग्णालयाच्या स्थापनेस त्यांनी हातभार लावला होता. आग, वीज आणि आजार या तिन्ही संकटांवरील सार्वजनिक उपाय एका छापखान्याच्या मालकाच्या पुढाकाराने दोन वर्षांत आकारास आले.

१७५७ नंतर फ्रँकलिन यांचा बराच काळ लंडनमध्ये गेला. मार्केट स्ट्रीटवरील स्वतःच्या घराचे बांधकाम १७६३ साली सुरू झाले. परंतु १७६४ च्या अखेरीस त्यांना पुन्हा वसाहतीच्या कामासाठी इंग्लंडला जावे लागले. उरलेल्या घराची देखरेख डेबोरा यांनी केली. तीन मजली, विटांचे, सुमारे ३४ फूट लांब-रुंद असे हे घर होते. सप्टेंबर १७६५ मध्ये मुद्रांक कराविरुद्ध लोकक्षोभ उसळला. फ्रँकलिन यांचा त्या कराला पाठिंबा असल्याचा समज पसरला आणि जमाव घरावर चालून येण्याची भीती निर्माण झाली. डेबोरा यांनी घर सोडण्यास नकार दिला. मुलीला सुरक्षित ठिकाणी पाठवून, नातलगांना बोलावून आणि बंदुका जवळ ठेवून त्यांनी रात्र काढली. घर बचावले. पुढच्याच वर्षी, १७६६ साली, त्या घराचे विम्यासाठी सर्वेक्षण झाले. पतिपत्नींची मात्र पुन्हा भेट झाली नाही. डिसेंबर १७७४ मध्ये डेबोरा यांचे निधन झाले, तेव्हा फ्रँकलिन लंडनमध्येच होते. दहा वर्षांचा तो विरह त्यांच्या यशस्वी आयुष्यातील मोठी उणीव राहिली.

१७७५ साली मायदेशी परतल्यावर ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा तयार करणाऱ्या समितीत त्यांचा समावेश होता. त्याच वर्षाच्या अखेरीस फ्रान्सचा पाठिंबा मिळवण्यासाठी ते पॅरिसला गेले. त्यांचा मुलगा विल्यम, जो न्यू जर्सीचा गव्हर्नर होता, ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिला आणि पितापुत्रांतील संबंध कायमचे तुटले. १७७७ साली ब्रिटिश सैन्याने फिलाडेल्फिया ताब्यात घेतले. फ्रँकलिन यांच्या घरात ब्रिटिश अधिकारी राहिले आणि १७७८ साली शहर सोडताना भिंतीवरील त्यांचे तैलचित्रही घेऊन गेले. ते चित्र अमेरिकेला परत मिळण्यास १९०६ साल उजाडावे लागले. दंगल आणि युद्ध अशी दोन्ही संकटे या एका घराने तेरा वर्षांच्या अवधीत पाहिली. आजच्या विमापत्रांत या दोन संकटांमध्ये मोठा भेद केला जातो, ही बाब येथे लक्षात घेण्यासारखी आहे.

फ्रँकलिन फ्रान्समध्ये असतानाच त्यांच्या विमा संस्थेत वाद निर्माण झाला. रस्त्याच्या कडेची झाडे आग विझवण्याच्या कामात अडथळा आणतात, या कारणास्तव ज्या घरांसमोर झाडे आहेत त्यांचा विमा न उतरवण्याचा निर्णय संस्थेने १७८१ साली घेतला. सावलीसाठी हौसेने झाडे लावलेल्या घरमालकांना तो मान्य नव्हता. त्यांनी १७८४ साली वेगळी संस्था स्थापन केली आणि अधिक हप्ता घेऊन झाडांच्या घरांनाही संरक्षण देऊ केले. हिरवे झाड हेच तिचे चिन्ह झाले. विमापत्रातील एका अपवादामुळे नवी विमा संस्था जन्माला येण्याचे हे बोलके उदाहरण आहे. एका संस्थेने वगळलेली बाब दुसरी संस्था अधिक पैसे घेऊन समाविष्ट करू शकते. मात्र त्यासाठी ती वगळलेली आहे, हे घरमालकाला आधी ठाऊक असावे लागते.

१७८३ च्या पॅरिस तहानंतर, १७८५ साली फ्रँकलिन घरी परतले. त्यांच्या गैरहजेरीत घरावर वीज कोसळल्याचे नंतर लक्षात आले. तडितरक्षक सळईचे तांब्याचे टोक वितळून गेले होते. घराला मात्र इजा झाली नव्हती. स्वतःचा शोध स्वतःच्याच घराच्या उपयोगी पडल्याचे समाधान वृद्धापकाळी त्यांना लाभले. त्याच सुमारास त्यांनी घराचा विस्तार केला आणि शेजारी नवी घरे बांधली. एका खोलीतील लाकूडकाम दुसऱ्या खोलीतील लाकडाला भिडू नये, तक्तपोशीच्या खाली आणि जिन्यांनाही गिलावा असावा, अशी काळजी त्यांनी घेतली. ऐंशी वर्षांच्या वयातही आगीचा विचार त्यांनी सोडला नव्हता.

१७८७ साली फिलाडेल्फियात झालेल्या घटना परिषदेत ते सर्वांत वयोवृद्ध सदस्य होते. परिषदेचे अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दातांच्या दुखण्याने आयुष्यभर त्रस्त होते. १७८९ साली राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा केवळ एकच दात उरला होता आणि पाणघोड्याच्या दातांपासून बनवलेली कवळी ते वापरीत. घराला विमा होता, दातांना नव्हता. यामागे कारण आहे. घर जळेलच असे नसते, म्हणून अनेकांच्या थोड्या पैशांतून एकाचे मोठे नुकसान भरता येते. दात मात्र बहुतेक सर्वांचेच हळूहळू झिजतात व किडतात. जे सर्वांच्या बाबतीत घडणार, त्याचा विमा उतरवणे अवघड असते. अमेरिकेत १९५४ साली पश्चिम किनाऱ्यावरील गोदी कामगारांच्या संघटनेच्या मागणीवरून दंत उपचारांच्या आगाऊ वर्गणीच्या योजना सुरू झाल्या. तेथील दंतविम्यात आजही तपासणी व सफाईचा खर्च बहुधा पूर्ण मिळतो, दात भरण्याचा काही अंश मिळतो आणि कवळी वा दातावरील टोपणाचा आणखी कमी. शिवाय वर्षाची कमाल मर्यादा ठरलेली असते. भारतात सर्वसाधारण आरोग्य विम्यात दंत उपचार बहुधा समाविष्ट नसतात. अपघातामुळे दातांना इजा होऊन रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास भरपाई मिळू शकते. काही विमापत्रांत बाह्यरुग्ण दंत उपचारांची स्वतंत्र तरतूद असते, पण तिला रकमेची मर्यादा व प्रतीक्षा कालावधी लागू असतो.

घरविम्यालाही हाच नियम लागू पडतो. अकस्मात आलेल्या संकटाची भरपाई मिळते. काळाच्या ओघात होणाऱ्या झिजेची मिळत नाही. भारतात विमा नियामकाने १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा हे प्रमाणित विमापत्र लागू केले. आग, स्फोट, वीज, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणे, दंगल तसेच हेतुपुरस्सर केलेली नासधूस यांपासून त्यात संरक्षण मिळते. अशा घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरीही त्यात मोडते. एरवीची घरफोडी आपोआप समाविष्ट नसते. इमारतीचा विमा उतरवल्यास घरातील सामानाला विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळते. युद्ध, अणुप्रारण आणि मालकाने जाणूनबुजून केलेले नुकसान वगळलेले आहे. सोन्याच्या लगडी, सुटी रत्ने, हस्तलिखिते आणि वाहने यांनाही हे विमापत्र लागू नाही. विमा रक्कम ठरवताना घर पुन्हा बांधण्याचा खर्च धरायचा असतो; जमिनीची किंमत नव्हे. घर जळाले तरी जमीन शिल्लक राहते, हा त्यामागील साधा विचार आहे.

आयुष्याच्या अखेरच्या काळात फ्रँकलिन यांनी आपली एक मोठी चूक सुधारण्याचा प्रयत्न केला. ऐन उमेदीच्या काळात त्यांच्या घरी गुलाम होते आणि त्यांच्या वृत्तपत्रात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या जात. पुढे त्यांचे मत बदलले. गुलामगिरी निर्मूलनासाठी काम करणाऱ्या पेनसिल्व्हेनियातील संस्थेचे ते अध्यक्ष झाले आणि फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या स्वाक्षरीने अमेरिकी काँग्रेसला अर्ज सादर झाला. काँग्रेसने तो मान्य केला नाही. १७ एप्रिल १७९० रोजी वयाच्या ८४ व्या वर्षी मार्केट स्ट्रीटवरील आपल्या घरीच त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेस सुमारे २० हजार लोक उपस्थित होते, असे सांगितले जाते.

मृत्युपत्रान्वये त्यांनी बोस्टन आणि फिलाडेल्फिया या दोन शहरांना प्रत्येकी एक हजार पौंड दिले. ही रक्कम तरुण कारागिरांना पाच टक्के व्याजाने कर्जाऊ द्यावी आणि दोनशे वर्षांनंतर तिचा पूर्ण विनियोग करावा, अशी अट होती. १९९० च्या सुमारास ही मुदत संपली, तेव्हा बोस्टनच्या निधीत सुमारे ५० लाख डॉलर आणि फिलाडेल्फियाच्या निधीत २० लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली होती. अनेकांच्या थोड्या पैशांत केवढी शक्ती असते, यावरील त्यांचा विश्वास असा त्यांच्या पश्चातही खरा ठरला.

मार्केट स्ट्रीटवरील त्या चौकात आज जमिनीखालील जुन्या पायाचे काही अवशेष पाहता येतात. घर गेले, घरातील माणसेही गेली. १७६६ साली सर्वेक्षकाने भिंतींची जाडी, मजले आणि खोल्यांतील लाकूडकाम यांची केलेली नोंद मात्र टिकली. आपल्या विमापत्राचा कागद कपाटात ठेवून देण्यापूर्वी एकदा शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा आणि घरातील वस्तूंची नोंद त्यासोबत जोडून ठेवावी, एवढा बोध फ्रँकलिन यांच्या या नाहीशा झालेल्या घराकडून प्रत्येक कुटुंबाला घेता येईल.